ऊबदार कोट

तिसऱ्यांदा मलम संपलं, तरी बाळाच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलंच. नणंदेने हात टेकले. "वहिनी, आता मलाही खाज सुटलीय. हे थांबलं नाही तर बाळाला मी नाही सांभाळणार. राग मानू नकोस."

राग मानायलाही अंगात त्राण हवं. नणंदेने बाळ सोडलं की नोकरी सुटलीच.

वहिनी मासळीच्या शीतगृहात कामाला होती; तिथे तिला सगळे काटकी म्हणत. दवाखान्यातल्या सिस्टरचं तिने अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळव्यांपर्यंत मलम चोपडलं, कपडे-अंथरुणं उकळून काढली. "आणखी कुणाचं काही वापरता का?" सिस्टरने काल विचारलं, तेव्हा ती वैतागून "छे!" म्हणाली होती.

सकाळी शीतगृहाच्या दारात, रात्रपाळी संपवून बाहेर आलेल्या मावशीने नेहमीसारखा कोट उघडून धरला. "ये गं काटके, गरमागरम आहे."

एक हात बाहीत गेला आणि ती जागीच थबकली.

शीतगृहात कोट मोजकेच. खुंटीला टांगून गार करायचा नाही, आपल्या अंगावरून थेट दुसरीच्या अंगावर चढवायचा, हा बायकांनीच पाडलेला रिवाज. पहिल्या दिवशी मावशीने काटकीच्या अंगावर असा कोट चढवला, तेव्हा तिला रडू फुटलं होतं. घामाने ओलसर, कधीच न धुतलेला तो कोट तिला आईच्या कुशीसारखा वाटायचा.

"मावशी, मला खरूज झालीय. बाळालाही. या कोटातूनच पसरतेय."

मावशीचा चेहरा पडला. तिने हळूच बाही वर सारली. मनगटभर ओरखडे.

"मला कळत होतं गं. पण सांगितलं असतं, तर माझ्या हातून कोट कुणी घालून घेतला असता?"

काटकीला तिची कीव आली आणि संतापही आला. भांडायला मात्र जीव उरला नव्हता. "आजच दवाखान्यात जा," एवढंच म्हणून तिने कोट पेट्या धुण्याच्या उकळत्या पाण्यात बुडवला.

"आत काय घालून जाशील?"

काटकी तशीच आत शिरली. मग मावशी घरी गेलीच नाही. कोट वाळेपर्यंत दोघी आळीपाळीने, कुडकुडत आत जात राहिल्या. दारात समोरासमोर आल्या की मावशीचे हात सवयीने पुढे व्हायचे. काटकी अंग चोरून बाजूने निघून जायची.