जयश्रीची धडधड आवरणारा मी

मी एक जुना मज्जातंतू आहे. जुना म्हणजे जयश्रीच्या वयाचा, चौदा वर्षांचा. पण एवढ्या वर्षांत एकही सुट्टी न घेतलेल्याला तुम्ही काय म्हणाल, मित्रांनो? सौंसरच्या शाळेत जाणाऱ्या या मुलीच्या हृदयात मी तिच्या जन्माआधीच येऊन बसलो.

जयश्री घाबरली, हरखली किंवा पळाली, की मेंदूकडून हुकूम येतो. माझ्या टोकाशी बारीक बारीक पुरचुंड्या असतात. त्या उघडून मी नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन हृदयाच्या स्नायूंवर सोडतो, आणि हृदय धाडधाड पळू लागतं. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी ती वडिलांच्या खांद्यावर बसून प्रभातफेरीत होती. तेव्हा किती पुरचुंड्या उघडल्या म्हणून सांगू!

हे झालं सगळ्यांना जाणवणारं काम. माझ्या दुसऱ्या कामाबद्दल कोणी विचारतच नाही. सांडलेलं रसायन तसंच राहिलं तर हृदय पळतच राहील ना? म्हणून मीच माझी दारं उघडतो आणि त्यातलं बहुतेक परत आत ओढून घेतो. बरंचसं पुन्हा पुरचुंड्यांत भरतो, काही आतच मोडून टाकतो. थोडं शेजारच्या स्नायूपेशी गिळतात, उरलंसुरलं रक्ताबरोबर निघून जातं. ठोके कमी करणारी एक वेगळी नसही शेजारी आहे. तिचं श्रेय मी लाटणार नाही.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही सौंसरवाले मध्य प्रदेशात राहिलो. शाळेचे खेळाडू आता नागपूरऐवजी छिंदवाड्याला जाणार होते आणि धावण्याच्या शर्यतीत जयश्रीचं नाव होतं. नागपुरात तिचे मामा होते, छिंदवाड्यात ओळखीचं कोणी नाही. त्यातच एका सकाळी ती सौंसरजवळच्या रामाकोन्यातल्या घरच्या संत्र्याच्या बागेत बांधाबांधाने पळत आली आणि आई केसरबाईने तिच्या छातीला हात लावला. झालं.

"अवं माय, पोरीचं काळीज फाटून राहिलं. नाय जायचं छिंदवाड्याले."

"आई, पळत आली ना मी."

"मीबी बैलामागं जलमभर पळाली. माह्यं नाय झालं असं."

"तुह्यं कोनं पायलं?" वडील नत्थूजी म्हणाले.

दवाखान्यातल्या नर्स सुनंदाबाई संत्री घ्यायला बागेत आल्या होत्या. त्यांनी जयश्रीला झाडाखाली बसवलं, तिचं मनगट धरलं आणि नत्थूजींना एक संत्रं दिलं.

"नत्थूभाऊ, हे सोलून खा. संत्रं संपेपर्यंत हिचे ठोके उतरले तर जाऊ द्या हिला. नाही उतरले, तर मीच डॉक्टरांकडे नेईन."

मित्रांनो, जयश्रीचं छिंदवाड्याला जाणं त्या एका संत्र्यावर आलं. वरचा हुकूम थांबला होता. मी सगळी दारं सताड उघडली आणि ओढायला लागलो. नत्थूजी एकेक फोड घेत होते, तिच्या शिरा काढत होते, बिया निवडून बाजूला ठेवत होते.

"आज लयच सावकाश खाऊन राहिले जी," केसरबाई म्हणाली.

"आंबट हाय."

आपल्या बागेतल्या संत्र्याला नत्थूजींनी आंबट म्हटलेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

शेवटची फोड त्यांच्या तोंडात गेली, तोवर माझ्या भोवतीचं अंगण जवळजवळ साफ झालं होतं. सुनंदाबाईंनी केसरबाईचाच हात त्या मनगटावर ठेवला. "पळाल्यावर धडधडणारच, बाई. बसल्यावर उतरतं का, ते बघायचं."

केसरबाई बराच वेळ बोटं ठेवून बसली. मग म्हणाली, "मीबी येतो संगं."

छिंदवाड्याच्या मैदानावर जयश्री दुसरी आली. ती अजून धापा टाकत होती, तेवढ्यात पुढच्या शर्यतीचा पुकारा झाला. ती उठू लागली, तशी केसरबाईने तिला हात धरून खाली बसवलं आणि अनोळखी मास्तरांना खणखणीत आवाजात सांगितलं, "घडीभर थांबा जी. पोरीचं उतरू द्या, मंग बोलवा."

मास्तर थांबले. मित्रांनो, मला शाबासकी नको. छाती धडधडली म्हणून कोणाला लगेच घरी कोंडू नका. जरा बसू द्या. तेवढ्यात मी आवरून घेतो.