माझ्या लग्नाची वाइन

पपा भिंगारच्या आर्मी मेसमध्ये वाइनची कोठी सांभाळायचे. मी विशीत असताना त्यांनी पांढऱ्या वाइनच्या सहा बाटल्या आणून तळघरातल्या वाळूत आडव्या ठेवल्या. माझ्या लग्नात उघडायच्या होत्या. पण आलेल्या प्रत्येक स्थळात त्यांनी खोट काढली. एक काळा, एक लांबचा. मी त्यांच्या भाकऱ्या थापत पन्नाशीला टेकले.

काल कबरस्तानात त्यांची माती झाली. आज शलमोनने, माझ्या भावाने, एक बाटली उघडली. वाइन चहासारखी तांबूस झाली होती आणि तिला आंबूस घाण येत होती.

"पांढरी इतकी वर्षं ठेवत नाहीत, हे पपांना माहीत नसेल," तो म्हणाला.

"माहीत होतं," मी म्हणाले. "मेसमधल्या साहेबांना तेच बजावायचे, पांढरी दोन-तीन वर्षांत पिऊन टाका."