वॉर्ड चाळीस

आमच्या हॉस्पिटलात वॉर्ड बाराच. तेरावा पाच वर्षं नुसता कागदावर आहे. तरी सोमवारी सकाळी जुन्या डेटाबेसच्या बॅकअपमध्ये मला तीनशे अकरा पेशंट वॉर्ड चाळीसमध्ये दाखल झालेले सापडले, आणि दोन तास चाललेल्या गोंधळाचं मूळ हाती लागलं.

गोंधळ असा. शनिवार-रविवारी कंपनीच्या इंजिनिअरांनी सिस्टिम बदलली आणि हात झटकून गेले. सोमवारी आठला नव्या सिस्टिमने पेशंटांना मेसेज पाठवले, 'आज आपली तपासणी आहे, वेळेवर यावे.' नऊपासून फोन सुरू झाले. एक बाई म्हणाली, "अहो, माझ्या सासऱ्यांना जाऊन अडीच वर्षं झाली." एका माणसाने फक्त बायकोचं नाव सांगितलं आणि फोन ठेवून दिला. आमची टेलिफोन ऑपरेटर रडकुंडीला आली. इथले कॉम्प्युटर मी सांभाळते, म्हणून मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"उद्या आठच्या आत हे थांबलं पाहिजे. कसं, ते तू बघ."

कसं ते नेहमी मीच बघते.

वॉर्ड चाळीस कुणी काढला, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. माझे वडील इथेच रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं कारकून होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. जुन्या सिस्टिममध्ये पेशंट गेला हे नोंदवायची सोय नव्हती आणि नोंद पुसायला बंदी. मग बाबांनी शक्कल लढवली. गेलेल्या माणसाला नसलेल्या वॉर्डात हलवायचं आणि मृत्यूची तारीख शेऱ्यात लिहायची. वॉर्डच नाही, तर मेसेजही नाही. ही युक्ती त्यांनी ना कुणाला सांगितली, ना कुठे लिहून ठेवली. घरातल्या किल्ल्याही ते अशाच त्यांनाच ठाऊक असलेल्या जागी ठेवतात. नव्या सिस्टिमला चाळीस नंबर ओळखू आला नाही. तिने त्या सगळ्यांना उचलून ओपीडीत आणून बसवलं.

उपाय अवघड नव्हता. शेऱ्यातल्या तारखा उचलून 'मृत्यू दिनांक' या नव्या रकान्यात भरायच्या. डेटाबेसच्या नकलेवर चालवून पाहिलं, नीट झालं. एका कमांडमध्ये तीनशे अकरा माणसं. पण ती खऱ्यावर चालवण्याआधी मी यादीत आईचं नाव शोधलं. चार वर्षांपूर्वी ती इथेच, वॉर्ड पाचमध्ये गेली. बाबांच्या मोबाइलवरही सकाळी तो मेसेज गेला असेल का, हे मला बघायचं होतं.

आई यादीत नव्हती. सुटले, असं वाटलं. मग न राहवून तिची नोंद उघडली.

आई जिवंत होती. दर तीन महिन्यांनी तिची तपासणीची तारीख आली की आदल्या दिवशी कुणीतरी ती पुढे ढकलत होतं. प्रत्येक बदलापुढे बाबांचा कोड. रिटायर होण्याच्या दिवशी त्यांनी जुनी सिस्टिम घेईल ती शेवटची तारीख टाकली होती, ३१ डिसेंबर २०९९. नव्या सिस्टिमला इतकी लांबची तारीख चूक वाटली. तिने ती बदलून आजची केली. वेळ साडेअकरा.

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. मी जिना उतरून ओपीडीत धावले. बाबा तिसऱ्या बाकावर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर आईची फाइल.

"बाबा, तो मेसेज चुकून गेला."

"माहीत आहे गं. एकतीस वर्षं हेच केलं की मी."

"मग आलात कशाला?"

ते फाइलची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "इथे नाव पुकारतात ना," ते म्हणाले. "म्हटलं, एकदा ऐकून यावं."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. चार वर्षं एका घरात राहून हे मला कळू नये.

वर नेऊन त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. सगळं समजावलं. तपासणी झाल्याची नोंद नसली, तर नवी सिस्टिम रोज सकाळी आठवण करणार. "मी नुसता तुमचा नंबर काढून टाकते," मी म्हणाले. "बाकी राहू दे तसंच. कुणी बघायला येत नाही."

"नको. रेकॉर्ड अर्धवट ठेवू नये." मग आईची फाइल टेबलावर ठेवत म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना हलवलं मी. हिचं मात्र नाही जमलं."

आधी मी त्या तीनशे अकरांचं काम उरकलं. चार सेकंद लागले. मग आईची नोंद उघडून दिली. बाबांनी चष्मा पुसला आणि दिवस, महिना, वर्ष एकेका बोटाने टाइप केलं. स्क्रीनवर प्रश्न आला, 'खात्री आहे? हो / नाही.'

दहा मिनिटं काही दाबलं नाही, तर नवी सिस्टिम आपणहून बंद होते. ती बंद झाली. मी परत उघडली, बाबांनी परत तारीख टाकली आणि आम्ही दोघं त्या प्रश्नाकडे बघत बसलो. पुन्हा बंद झाली. दारात साहेब डोकावून गेले.

तिसऱ्या वेळी बाबांनी तारीख टाकली आणि खुर्ची मागे सरकवली. "तूच दाब."

मी 'हो' दाबलं. आईचं नाव करड्या अक्षरांत गेलं.

बाबांनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"आता यावर काही येणार नाही ना?"

"नाही बाबा. आता काहीच येणार नाही."