सव्वापाचचा फोन

“सव्वापाच वाजून गेले की माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही,” कॅप्टन डर्क मला म्हणाले होते, आणि मी हसले होते.

आमच्या फ्रिजवर त्यांनी स्वतः चिठ्ठी लावली होती. निघायची वेळ, कुठे जाणार, परतायची वेळ, आणि खाली जाड अक्षरात पोलिसांचा नंबर. छोटी बोट घेऊन निघणाऱ्याने किनाऱ्यावर एक जागता माणूस ठेवायचाच, असा त्यांचा नेम. तो माणूस म्हणजे मी.

“उशीर झाला तर ‘येतील’ म्हणून चहाचं आधण ठेवू नका. फोन उचला.”

“कॅप्टन, आमच्याकडे पाहुण्याला सव्वापाच सांगितलं की तो सहाला उगवतो.”

“तुमचा पाहुणा पाण्यावरून येत नाही,” ते म्हणाले.

ही २००१ सालच्या जूनमधली गोष्ट. आम्ही तेव्हाही इथेच, अमिरातीतल्या खोर फक्कानला राहत होतो. निखिल, माझा नवरा, कंटेनर टर्मिनलवर प्लॅनिंगला होता. कॅप्टन डर्क आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर. वय अडुसष्ट, बायको नाही, मूल नाही. तीस वर्षं बोटींवर काढून निवृत्त झालेले, आणि आता पुस्तक लिहीत होते, विलेम स्खाउटन या डच दर्यावर्दीच्या सफरींवर. त्यांचं किरटं अक्षर लावून मी ते टाइप करून द्यायचे. इतिहासात एम.ए. करून घरात बसलेल्या बाईला ते काम म्हणजे श्वास होता.

स्खाउटन १६१५ साली दोन जहाजं घेऊन निघाला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर धाकट्या जहाजाच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ जाळताना जहाजच जळून गेलं. सगळी माणसं थोरल्या जहाजावर घेऊन तो तसाच पुढे गेला, जगाच्या खालच्या टोकाला वळसा घातला, नवी वाट शोधली. जावाला पोहोचल्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांनी त्याचं ऐकलंच नाही. अशी वाट असूच शकत नाही म्हणाले आणि जहाज जप्त केलं.

“चारशे वर्षांपूर्वी खोली कशी मोजायचे ते लिहायचंय,” कॅप्टन म्हणाले, “पण स्वतः मोजल्याशिवाय मी लिहीत नाही.” म्हणून त्यांनी शिशाचा गोळा दोरीला बांधला. गोळ्याच्या बुडाला चरबी लावायची, म्हणजे तळाची वाळू चिकटून वर येते. आमची रिद्धी, वय वर्षं सात, या सगळ्यावर खूळ लागल्यासारखी लट्टू. तिने स्वयंपाकघरातून तुपाचा डबाच पळवला.

“अगं, चाळीस डिग्रीत तूप टिकतं का?”

“आई, वी विल पुट इट इन द आइसबॉक्स. अंकल डर्क सेड ओके.”

गुरुवार होता, इथला शाळेचा सुट्टीचा वार. खाडीच्या तोंडाशी खडकाळ बेट आहे तिथपर्यंतच जाऊन यायचं होतं. मी लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून पाहिले. तीन वाजता दोघं निघाली. दुसऱ्या मजल्यावरच्या सुहासिनीताई जिन्यात भेटल्या. “गोऱ्याबरोबर पाठवलीस पोरगी? धाडस आहे बाई तुझं.” मी वर येऊन गॅलरीतच बसले.

साडेचारला समुद्राचा रंग बदलला. जूनमध्ये पावसाळी वाऱ्यांची लाट लांबून ओमानच्या बाजूने इथवर येते. वारा नसतो, आभाळ निरभ्र असतं, आणि पाणी मात्र खालून उचलल्यासारखं फुगतं. दमट धुक्याने बेट धुरकट दिसायला लागलं. पाच वाजता दिसेनासं झालं.

पाच वाजून दहा. पाच वाजून बारा. मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. बरोबर सव्वापाचला मी नंबर लावला. पण पोलिसांचा नाही, निखिलचा.

“अगं थांब जरा,” तो म्हणाला. “पोलिसांत गेलं की आपलं नाव लागतं. त्या बोटीचे कागद संपलेत, म्हाताऱ्याने रिन्यू केलेले नाहीत. आणि त्यात माझी मुलगी! पोर्टात कळलं तर गेट पास जाईल माझा. पास गेला की नोकरी, नोकरी गेली की व्हिसा. कळतंय का?”

“निखिल, ते म्हणाले होते...”

“दहा मिनिटं. मी हनीफला पाठवतो, त्याची मासेमारीची बोट आहे. यल्ला, चल, ठेव फोन.”

इथे राहणाऱ्या आमच्यासारख्या कुणालाही विचारा. चोरी झाली, गाडीला धक्का लागला, शेजारी भांडला, तरी आम्ही आधी आपसात फोन करतो. पोलीस वाईट आहेत म्हणून नव्हे. आपलं नाव कुठल्या कागदावर येऊ नये, एवढंच. तेच मी केलं. माझं मूल पाण्यावर होतं आणि मी कागदाचा विचार करत होते.

साडेपाचला निखिलचा फोन आला. हनीफ फुजैरा शहरात गेला होता, दुसरा कोणी शोधतोय. पाच चाळीसला परत: “मिळेल, इन्शाल्ला. तू रडू नकोस.” मी रडत नव्हते. मी गॅलरीच्या कठड्याला धरून पाण्यातला प्रत्येक काळा ठिपका मोजत होते, आणि प्रत्येक ठिपका पक्षी निघत होता.

पाच पंचावन्नला मी त्याला न विचारता पोलिसांचा नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाने एकच विचारलं, “किती वाजता परत यायचे होते?” मी वेळ सांगितली. ती त्याने मागे कोणाला तरी ओरडून सांगितली. मग म्हणाला, “खलास, झालं, मॅडम, बोट निघाली.”

सव्वासहाला पोलिसांना दोघं सापडली. बोट उलटली होती. कॅप्टननी रिद्धीला बेटाच्या खडकावर चढवलं होतं, पण त्या धडपडीत लाटेने त्यांनाच खडकावर आपटलं. बरगड्या मोडल्या, वर चढता येईना. ते खाली पाण्यात, एका हाताने कपारीला धरून. प्रत्येक लाटेला डोकं बुडत होतं.

धक्क्यावर मी रिद्धीला उचललं तेव्हा तिच्या गुडघ्यांतून रक्त येत होतं, बाकी काही नाही. ती रडलीसुद्धा नाही. माझ्या कानाशी बोलत राहिली.

“आई, ही वॉज लुकिंग ॲट हिज वॉच. ही सेड, नाऊ युअर मदर इज डायलिंग. देन ही सेड, नाऊ द बोट इज स्टार्टिंग. देन ही स्टॉप्ड टॉकिंग.” जरा थांबून तिने विचारलं, “व्हाय डिड दे कम सो लेट?”

“लांब होतं ना, बाळा,” मी म्हटलं.

निखिलचा पास गेला नाही. कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

कॅप्टनच्या फुप्फुसात पाणी गेलं होतं. तीन आठवडे ते हॉस्पिटलमध्ये होते. मी रोज मुगाचं पातळ वरण घेऊन जायचे, आणि रोज ते माझा हात धरून नर्सला सांगायचे, “ही बाई वेळ पाळते.” मी डबा उघडायचे. जुलैत त्यांची भाची आली आणि त्यांना नेदरलँडला, आल्कमारला घेऊन गेली. पुढे पुस्तकाची पहिली पानं टपालाने आली, टाइप करायला. अर्पणपत्रिकेत माझं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं, ‘जिने ठरल्या मिनिटाला फोन उचलला तिला’.

ते पान मी टाइप केलं. सुबक, मध्यभागी. पाठवूनही दिलं.

मग दीड वर्ष दर महिन्याला पत्रं येत राहिली, खोकल्याच्या तक्रारीसकट. गेल्या फेब्रुवारीत मला राहवलं नाही. त्या चाळीस मिनिटांत मी काय केलं ते सगळं मी त्यांना लिहून कळवलं. निखिल म्हणाला, “कशाला उकरतेस?” तरी पाठवलं.

त्याला आता आठ महिने झाले. उत्तर नाही. भाचीचा फोन लागत नाही. ते माझ्यावर रागावले असतील तर तो त्यांचा हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांची फुप्फुसं अधू आहेत, खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि भाची दुसऱ्या गावात राहते. तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमचं कोणी, नेदरलँडला आल्कमारच्या आसपास असेल, तर मला कळवा, मी पत्ता पाठवते. माझं नाव सांगायची गरज नाही. फक्त जिना चढून जा, दार वाजवा, आणि ते उघडायला कोण येतं ते बघा.