गोलकीपरचा उजवा हात

तुम्हीच केलंत हे, लीगवाल्यांनो. अकरा महिने फुटबॉल लीगची तारीख दिली नाहीत. क्लबनं पत्रं पाठवली, फोन केले. तुमच्या गार ऑफिसातून एकच उत्तर, ‘विचार सुरू आहे.’ आणि परवा अचानक कळवलंत, पहिला सामना बारा दिवसांनी. तुमचा विचार झाला. इथं माणसाचा खांदा गेला.

धैर्यशील सांगलीच्या क्लबचा गोलकीपर, गाव कुंडल. तारीख नाही म्हणून कॅम्प बंद, मैदानाला कुलूप. अंग सुटू नये म्हणून तो गावच्या तालमीत जोर-बैठका मारायला लागला. जत्रेत हलगी घुमत असताना एका पैलवानानं भर आखाड्यात कुस्तीसाठी त्याच्यापुढं हात केला. पुढं आलेला हात कुंडलचा गडी परत पाठवत नाही. धैर्यशीलनं कपडे उतरवले. कुस्ती जिंकला, पण उजवा खांदा निखळला. वस्तादांनी तिथंच खटकन बसवला, लेप लावून बांधला. डॉक्टरकडं तो गेलाच नाही. करारात कुस्तीला बंदी होती. क्लबला कळलं तर घरी बसावं लागेल, ही भीती.

आता तो हात कानापर्यंत जायचा. त्याच्या वर नाही.

दुसरा कीपर वाट बघून कंटाळला आणि फौजेत गेला. उरला हा एकटा. अख्खी टीम त्याच्या त्या हाताच्या भरवशावर, आणि त्या हाताचं टीममध्ये ठाऊक होतं फक्त वाजिदला. कोरेगावचा हा फॉरवर्ड सरावात सगळे शॉट जमिनीलगत मारत होता.

“वाज्या, गवत कापतूयस व्हय रं?” कोच नानासो ओरडले. “वर मार की!”

“आवं नाना, वारं लय हाय.”

“वारं तुझ्या टकुऱ्यात हाय!”

पाणी पिताना वाजिद हळूच म्हणाला, “गड्या, मी खाली मारतूय. समोरचा मारंल व्हय खाली? सांगून टाक नानांना.”

“सांगितलं की मी घरी. आन गोलात कोन, तू?”

वाजिदनं बाटली खाली ठेवली. धैर्यशीलनं डोळे मिटले की चेंडू उजव्या कोपऱ्यात वर चाललेला दिसायचा, आणि आपला हात कानाशी अडकलेला.

दुपारी लीगचे साहेब पाहणीला आले. सोबत नव्या हंगामाच्या पोस्टरसाठी फोटोवाला.

“दोन्ही हात वर! जोरात!”

सगळ्यांचे हात वर गेले.

“मागचे कीपर, तुमचा उजवा.”

धैर्यशीलनं दात आवळले. हात कानाशी येऊन थांबला. नानासोंनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग वाजिदकडं. जमिनीलगतच्या शॉटचं कोडं त्यांना आत्ता सुटलं.

“खांदा गेलाय, आणि लपवलंस?” साहेब कडाडले. “कोच, असल्या माणसाच्या भरवशावर टीम उतरवणार तुम्ही?”

धैर्यशील रांगेतून पुढं आला.

“कुस्ती खेळलो, चूक माजी. लपवलं, तीबी माजीच. कवाबी काढा मला. पर साहेब, अकरा म्हैने तारीख का दिली न्हाई?”

साहेबांनी हातातली फाइल मिटली आणि ते गाडीकडं वळले. वाजिद मैदानाच्या दारात आडवा उभा राहिला.

“त्यानं इचारलंय, साहेब. सांगा की. का दिली न्हाई?”