नाव कुठं घेतलं मी?

उज्जैनात शैलेंद्र मुजुमदारला लोक अजून ‘नालेवाले भैया’ म्हणतात. त्याला राग येत नाही. त्या नाल्यानंच तर त्याला पार्षद, म्हणजे नगरसेवक केलं.

अकरा वर्षांपूर्वी तो एका हिंदी पेपरात वार्ताहर होता. त्यानं छापलं की एक अख्खा नाला कागदावर बांधून झाला, बिलं निघाली, आणि जागेवर जाऊन बघावं तर म्हशी बसलेल्या. गाव आधी हसलं, मग चिडलं. पुढं पेपर सुटला, तिकीट मिळालं, गळ्यात हार पडले.

नाल्याचे कागद काही आपल्या पायांनी चालत आले नव्हते. ते आणले दत्तात्रय टिल्लूंनी. नाला बांधणाऱ्या खात्यातलेच बाबू, खाली मान घालून जाणारे आणि खाली मान घालून येणारे. संध्याकाळी त्यांचा चार कप्प्यांचा डबा रिकामा होऊन घरी जायचा, त्यातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यात कागदांची घडी. घरी त्यांच्या पत्नी जयूवहिनी ती काढायच्या, तेल टिपायच्या. शैलेंद्रच्या हाती पडेपर्यंत त्या कागदांना मेथीच्या भाजीचा वास असायचाच.

संपादकानं नाव विचारलं, शैलेंद्रनं सांगितलं नाही. वकिलाची नोटीस आली, तरी नाही. बायकोला, अलकालासुद्धा नाही. बातमीत लिहिलं, ‘सूत्रों के अनुसार’. एवढ्या एका गोष्टीवर तो स्वतःला बरा माणूस समजत आला होता.

आणि मागच्या महिन्यात त्याचा सत्कार झाला. हातात माइक, समोर तीनशे माणसं, आणि पत्रकार कितीही पुढारी झाला तरी किस्सा काही सोडत नाही. ‘‘माझं सूत्र कोण होतं ते मी मरेपर्यंत सांगणार नाही,’’ तो म्हणाला, ‘‘पण एवढं सांगतो, भ्रष्टाचाराला मेथीचा वास असतो!’’ मग किश्शात चार कप्प्यांचा डबा आला, खालचा कप्पा आला. लोक लोटपोट. पुढच्या रांगेत नाल्याच्या वेळचे इंजिनिअर साहेब होते, आता खात्यातले मोठे साहेब. सगळ्यात जास्त तेच हसले.

नाव नाही घेतलं. डबा घेतला. चार कप्प्यांचा डबा त्या ऑफिसात एकच होता.

रविवारी सकाळी टावर चौकाजवळच्या त्याच्या ऑफिसात दत्तात्रय आले. सत्काराला ते नव्हते. गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिले. पूर्वी ‘काय रे शैलू’ म्हणायचे.

‘‘भैयाजी, दोन मिनिटं.’’

‘‘दादा, मला भैयाजी काय म्हणता!’’

त्यांनी खात्याकडून आलेला कागद पुढं केला. कार्यालयीन कागद जेवणाच्या डब्यातून बाहेर नेल्याबद्दल खुलासा मागितला होता. रिटायरमेंटला सात महिने राहिलेले.

शैलेंद्रनं ‘जेवणाच्या डब्यातून’ हे शब्द दोनदा वाचले.

‘‘मदत मागायला नाही आलो,’’ दत्तात्रय म्हणाले. ‘‘माफी मागायला आलोय. तुम्ही वचन पाळलंत, आणि फुटलं माझ्या घरातनं. डब्याचं माहीत कुणाला? तुम्हाला, मला आणि जयूला. तुम्ही तर सांगणार नाही. म्हणजे हिनंच भजनाला गेल्यावर कुणाकडं तरी बकलं असणार. बारा दिवस झाले, मी तिच्याशी बोललेलो नाही.’’

आता सांगायचं. एक वाक्य होतं. त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तोडून-जोडून नीट केली होती. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, ‘‘दिखवाता हूं, दादा.’’

पेपरात असताना याच दोन शब्दांवर त्यानं अख्खा लेख लिहिला होता. जो पुढारी ‘दिखवाता हूं’, म्हणजे ‘कुणाला तरी बघायला सांगतो’, असं म्हणतो, तो स्वतः कधी बघत नाही, असा.

दत्तात्रयांनी हात जोडले. त्याला, हात!

घरी अलका मटार सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘मी सत्काराहून येताना गाडीतच म्हटलं होतं, डबा कशाला काढलात.’’

‘‘पण नाव कुठं घेतलं मी?’’

‘‘नाही हो. फक्त घराचा पत्ता, रस्ता आणि दाराचा रंग सांगितलात.’’ तिनं एक शेंग मोडली. ‘‘तुमच्या पेपरात चूक झाली की काय छापायचे?’’

‘‘भूल सुधार.’’

‘‘हां. आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. हे तसं उरकू नका. ती बिचारी बारा दिवस भिंतीशी बोलतेय.’’

पार्टीचा झेंडा लावलेली गाडी त्यानं दारातच ठेवली आणि स्कूटर काढली. दत्तात्रयांच्या घरी, नानाखेड्यापर्यंत पोचेस्तोवर ऊन चढलं, घशाला कोरड पडली. दार जयूवहिनींनी उघडलं. चेहरा धुतल्यासारखा, कोरा. दत्तात्रय पलंगावर, हातात पेपर. एका खोलीत दोन माणसं आणि मधे पंख्याचा आवाज.

तो बसला नाही. बसलो तर प्रस्तावना सुरू होईल, हे त्याला माहीत होतं.

‘‘दादा, वहिनी बोलल्या नाहीत. मी बोललो. सत्कारात, माइकवर. नाव नाही घेतलं, पण डबा सांगितला. लोक हसले म्हणून मेथीपण सांगितली.’’

पेपर हळूच खाली आला. दत्तात्रय त्याच्याकडं नव्हे, बायकोकडं बघत राहिले.

‘‘चौकशीत मी येतो,’’ शैलेंद्र घाईनं म्हणाला. ‘‘कागद खरे होते, असं सांगतो.’’

‘‘येऊ नका.’’ दत्तात्रयांचा आवाज शांत होता. ‘‘आत्ता त्यांना संशय आहे. तुम्ही आलात की पुरावा होईल.’’

‘‘मग मी वरती कुणाला तरी सांगून... दिख...’’ तो थांबला.

‘‘बोला ना, दिखवाता हूं,’’ जयूवहिनी म्हणाल्या. ‘‘सगळेच दिखवतात. मी म्हणते, भैया, एकदा स्वतः बघा. हे बघा आमचं घर. एवढंच आहे.’’

त्यानं बघितलं. ओट्यावर तो डबा पालथा घातला होता, चारही कप्पे वेगवेगळे. बघून झाल्यावरही तो बघतच उभा राहिला; जायचं कसं ते कळेना.

‘‘जयू,’’ दत्तात्रय बारा दिवसांनी म्हणाले, ‘‘पाणी दे गं.’’

‘‘हात आहेत ना? स्वतः घ्या.’’

ते उठले. आत माठावरचं झाकण वाजलं. शैलेंद्रनं सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. दत्तात्रय परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन पेले होते. एक त्यांनी बायकोपुढं धरला. तिनं जरा वेळ तसाच धरू दिला, मग घेतला. दुसरा ते स्वतः प्यायले, अगदी सावकाश, तळाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत.

शैलेंद्र बाहेर आला. दार मागं लोटलं गेलं आणि आत कुणीतरी बोलायला लागलं. बाईचा आवाज होता, चढत जाणारा. दाराआडचं ऐकून ‘सूत्रांनुसार’ सांगण्याची सवय जुनी. पण त्यानं स्कूटरला किक मारली.