येताना दोन

"जाताना एक, येताना दोन." शशिकांतरावांनी जेवणाच्या टेबलावर झेक नाणी मांडली आणि लेकीकडे सरकवली. "मोजून घे."

"बाबा, येताना मी एकटीच..." निशिगंधाने नाणी मोजायला घेतली.

"अस्थी म्हणजे सामान नव्हे. राजनचं फुल तिकीट काढ."

पस्तीस वर्षं वाई डेपोत कंडक्टरकी केलेला माणूस. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी कधी फुकट नेलं नाही, आणि सुटे नसलेल्या प्रवाशाची तर धडगत नसे. बायको गेल्यावर ते लेकीकडे नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला आले. धाकटा राजन झेक देशात, ब्रनोला नोकरीला होता. नाताळात आला तेव्हा त्यानेच ही नाणी दिली होती. "मार्चमध्ये या, बाबा. ट्रेनचे युरो ताई कार्डावर भरेल. पण स्टेशनवरून माझ्या घरची बस क्राऊन मागते. तुमच्याकडे सुटे नसले, तर शोभेल का?" बापाची चेष्टा करायची एक संधी पोरगा सोडत नसे.

मार्चमध्ये कोरोनाने सीमा बंद झाल्या. ट्रेनचे युरो परत आले. एप्रिलमध्ये राजनला हॉस्पिटलात नेलं. त्यानंतरचे अकरा दिवस शशिकांतराव रोज सकाळी दाढी करून, बूट घालून, नाणी खिशात टाकून सोफ्यावर बसत. वाट उघडलीच, तर आपल्यामुळे खोळंबा नको. बाराव्या दिवशी फोन आला. वाट उघडली जूनमध्ये, आणि तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाकडे बोट दाखवून प्रवासाला साफ नाही म्हटलं. म्हणून निशिगंधा एकटी गेली.

चौथ्या दिवशी ती परतली. अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून तिने कलश मागच्या अंगणात, सायकलींशेजारच्या बाकावर ठेवला. शशिकांतराव त्याला लागून बसले. तिने सगळी नाणी त्यांच्या हातावर ठेवली.

"बसवाल्याने सुटे घेतलेच नाहीत, बाबा. कोरोनामुळे पुढचं दार बंद होतं. सगळे मागून चढत होते. पैसे द्यायचे कुणाला?"

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे विनातिकीट आणलंस त्याला?"

"हो."

"जागा तरी मिळाली?"

"मिळाली. खिडकीजवळ."

"आणि राजनला?"

"मांडीवर घेतलं होतं."

त्यांनी हातातली नाणी एकदा मोजली. मग मूठ मिटून ती त्यांनी कलशाशेजारी टेकवली.

"मांडीवरच्या पोराला तिकीट लागत नाही," ते म्हणाले.